बैलगाडीतली इटली आणि खोडाळ्याची ओटी

परवा आमच्या यांनी जव्हारच्या वाचनालयात व्याख्यान दिलं. विषय, 'सपत्नीक उन्हाळी सफर'. सपत्नीक! ती पत्नी मी. पडद्याआड चार बायकांत बसून मी सगळं ऐकत होते आणि ऐकता ऐकता तळपायाची आग मस्तकात गेली. सूर्यमाळावरून दिसणाऱ्या डोंगररांगांचं स्वारीनं असं काही वर्णन केलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. अहो, आम्ही सूर्यमाळावर गेलोच नव्हतो! आणि जिथं गेलो, जिथं माझा सगळा जीव अडकला होता, त्या खोडाळ्याचं नावसुद्धा यांच्या तोंडून निघालं नाही. जे पाहिलं नाही ते रंगवून सांगायचं आणि जे पाहिलं ते गिळून टाकायचं! म्हणून मीच लिहायला बसले. ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही अशा माझ्या बहिणींसाठी लिहिते आहे. पुरुषांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

बेत

सगळं खूळ जिथून निघालं तो बेत आधी सांगते. हे शाळेत इंग्रजी शिकवतात. कुठल्याशा इंग्रजी मासिकात यांनी वाचलं की साहेब लोक लग्न झालं की बायकोला घेऊन इटलीला जातात आणि त्याला हनिमून म्हणतात. झालं! यांची सोडमुंज व्हायच्या आधीच भिंतीवर इटलीचा नकाशा लागला. मी चौलहून सासरी आले ती या नकाशाच्या समोर. देश दिसायला बुटासारखा. हे पट्टी घेऊन मला गावं दाखवायचे. आज रोम, उद्या फ्लॉरेन्स, परवा व्हेनिस, तेरवा नेपल्स. आणि तेही भर उन्हाळ्यात, कारण शाळेला सुट्टी तेव्हाच. यांचा एक सधन मित्र विलायतेला निघाला होता, त्याच्या सोबतीनं जायचं असं चाललं होतं.

"अहो पण इतक्या घाईनं काय दिसणार? आणि जेवायचं कधी?" मी विचारलं.

"तिकडे आगगाडीतच जेवण मिळतं. साहेब लोक असेच फिरतात. थोडक्या वेळात पुष्कळ पाहायचं, हीच त्यातली कला."

सासूबाई देवघरातून सगळं ऐकत होत्या. त्या एकच वाक्य बोलल्या. "समुद्र ओलांडलास तर माझ्या अंगणात पाय ठेवू नकोस." संपली इटली. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. मला वाटलं, आता नकाशा उतरेल. पण आमच्या यांचं डोकं काही साधं नाही. म्हणाले, इटली नाही तर नाही, आपल्याकडे काय कमी आहे? जव्हारचं रोम केलं, दाभोसा धबधब्याचं नेपल्स, वाटेतल्या नदीचं व्हेनिस, मोखाड्याचं फ्लॉरेन्स, आणि शेवटी कसाऱ्याला आगगाडी पकडून नाशिक. लोक लग्नात मांडव उसना आणतात, यांनी देश उसना आणला. आणि वेळापत्रक? तेच! तिकडे आगगाडी, इकडे दोन बैल, पण कुठल्या गावी किती थांबायचं ते जसंच्या तसं ठेवलं. बैलांना हे कुणी विचारलं नव्हतं.

तरी मी हो म्हटलं, आणि ते एकाच कारणासाठी. मोखाड्याहून कसाऱ्याला जाताना वाटेत खोडाळा लागतं, आणि खोडाळ्यात माझी गोदूअक्का आहे.

अक्का माझी सख्खी थोरली बहीण. आमची आई कायम अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे माझी वेणी घातली ती अक्कानं, ग म भ न गिरवून घेतलं ते अक्कानं आणि पाठीत धपाटे घातले तेही तिनंच. खोडाळ्यात तिच्या सासऱ्यांचं धान्याचं दुकान. दोन वर्षांपूर्वी मेहुणे तापानं गेले. अक्काचे केस काढले, लाल आलवण नेसवलं आणि ती घराच्या मागल्या दारी गेली ती गेलीच. माझ्या लग्नाला ती नव्हती. कुणी विसरलं नव्हतं तिला, आठवणीनं बोलावलं नव्हतं. मांडवात मी प्रत्येक बाईच्या तोंडाकडे पाहत होते आणि माझं माणूस तेवढं नव्हतं.

"खोडाळ्याला थांबायचं ना?" मी यांना निघण्यापूर्वी विचारलं.

"अर्थात! दुपारभर थांबू."

एवढ्यावर मी ट्रंक भरली. अक्कासाठी चौलची सुपारी आणि कोकमाची सोलं घेतली.

जव्हार, ऊर्फ रोम

आम्ही राहतो जव्हारात, तरी पहिला दिवस जव्हार पाहण्यात घालवायचा, कारण इटलीत पहिला दिवस रोमचा होता. आपल्याच गावात हे मला हात करून करून दाखवत होते. हा राजवाडा, हे तळं, तो शिर्पामाळ. राजवाडा मी रोज भाजीला जाताना पाहते. वाटेत एका गृहस्थांनी विचारलंसुद्धा, "मास्तर, कुणाचं घर शोधताय का?"

आणि इथंच वेळापत्रकाला पहिला सुरुंग लागला. यांनी सगळा हिशेब केला होता, फक्त ओटी धरली नव्हती. नवी नवरी पहिल्यांदा कुणाच्या उंबऱ्याच्या आत आली की तिला रिकाम्या ओटीनं पाठवत नाहीत, हे काय यांना ठाऊक नव्हतं? पण पुरुषांना हे दिसतच नाही. शिर्पामाळाच्या वाटेवर यांच्या बरोबरीच्या मास्तरांचं घर लागलं. त्यांच्या बायकोनं हाक मारली. मी आत गेले. पाट, हळदकुंकू, तांदूळ, नारळ, खण, वर वाटीभर साखरभात. तिथून निघाले तर शेजारीण दारात उभीच. मग तिची जाऊ. आमच्या चौलला नारळ म्हणजे परसातला, टपकन पडला की उचलायचा. इथं तो डहाणूकडून गाडीतून येतो, तरी या बायकांनी हात आखडता घेतला नाही. हे बाहेर ओट्यावर घड्याळ काढून बसलेले. दुपारपर्यंत अर्धं रोम राहून गेलं आणि माझ्या पदरात पायलीभर तांदूळ जमले.

"एकेका घरी इतका वेळ?" हे कुरकुरले.

"मग तुमच्या त्या इटलीत नवऱ्या काय हात हलवत हिंडतात?" मी म्हटलं.

दाभोसा, ऊर्फ नेपल्स

धबधबा पाहायला वैशाखात जाणारा माणूस मी आजवर एकच पाहिला आणि त्याच्याशीच माझं लग्न झालं. पावसाळ्यात म्हणे तो कोसभर ऐकू येतो. आम्ही गेलो तेव्हा भल्यामोठ्या काळ्या कड्यावरून समईतून तेल ओघळावं तशी एक धार खाली येत होती. खाली डोह मात्र हिरवागार, आणि त्या डोहाकडे पाहून दोन घटका जीव निवला, हे खोटं सांगत नाही. कड्याच्या कपारीत मधाची पोळी लटकलेली आणि वर घारी फिरत होत्या. बसून पाहावं असं ठिकाण. पण आम्ही बसलो कुठं? नेपल्सला तेवढाच वेळ होता.

यांनी बरोबर बिस्किटांचा डबा घेतला होता. उन्हानं बिस्किटं नरम पडली. गाडीवान धर्मा झाडाखाली नागलीची, म्हणजे आमच्या नाचणीची, भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा सोडून बसला होता. चांगला पन्नाशीचा माणूस, मोजकं बोलणारा. मी त्याच्याकडून अर्धी भाकरी मागून घेतली. यांनी डोळे वटारले. वटारोत. वर जाळीतली करवंदं तोडून खाल्ली, ओठ चिकट झाले, आणि सबंध दिवसात माणसासारखं काही झालं असेल तर एवढंच.

हद्द आणि व्हेनिस

मोखाड्याच्या वाटेवर एके ठिकाणी जव्हार संस्थानची हद्द संपते आणि इंग्रजांची सुरू होते. तिथं यांनी गाडी थांबवली. युरोपात म्हणे एका देशातून दुसऱ्या देशात जाताना लोक असेच उतरतात. मला खाली उतरवून एक पाय संस्थानात आणि एक पाय इंग्रजांत ठेवून उभं केलं. "काय वाटतं?" म्हणाले. काय वाटणार? दोन्हीकडे धूळ तीच, पळस तेच, आणि डोकं दोन्हीकडून सारखंच तापत होतं. मी तसं सांगितलं तर म्हणाले, "तुला कल्पनाशक्ती नाही."

पुढं नदीचं कोरडं पात्र आलं. हे व्हेनिस. इथं नवरा-बायको होडीतून जातात, असं यांचं सांगणं चालू असतानाच गाडी वाळूत रुतली. धर्मानं बैलांना हाका घातल्या, शेपट्या पिरगाळल्या. शेवटी मी उतरले, हेही उतरले आणि नऊवारीचा काचा मारून मी चाकाला खांदा दिला. लग्नाला महिना झाला नव्हता, हातावरची मेंदी पुरती गेली नव्हती. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पलीकडे पोचल्यावर हे धाप टाकत म्हणाले, "चला, व्हेनिस झालं."

मोखाडा

मोखाड्याला यांच्या ओळखीच्या मास्तरांकडे मुक्काम. मास्तरीणबाई गोड स्वभावाच्या. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, कैरीचं पन्हं, आणि नुकते वाळलेले नागलीचे पापड विस्तवावर भाजून. आमच्याकडे पापड उडदाचा, पांढरा. इकडचा काळसर, लालसर, पण खाल्ला की हात थांबत नाही. ओटी अर्थातच भरली.

संध्याकाळी ओट्यावर गावातली चार माणसं जमली आणि आमच्या यांना स्फुरण चढलं. मी आत मास्तरीणबाईंबरोबर तांदूळ निवडत ऐकत होते. हे म्हणाले, "विधवांचं केशवपन ही रानटी चाल आहे. त्यांना शिकवलं पाहिजे, घरात मानानं वागवलं पाहिजे. अपशकुन वगैरे सगळं थोतांड आहे." अहाहा! किती छान बोलत होते! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मनात म्हटलं, घाई करतो, वेडेपणा करतो, पण माणूस सोन्याचा आहे. अक्काला भेटल्यावर तिला सांगीन, बघ, मला कसा नवरा मिळालाय. मास्तरीणबाईंनासुद्धा मी फुशारकीनं सांगितलं की उद्या आम्ही खोडाळ्याला माझ्या बहिणीकडे जाणार. त्या माझ्याकडे पाहून नुसत्या हसल्या.

पोशेरा

दुसऱ्या दिवशी पोशेऱ्याजवळ चाकाची खीळ निसटली. धर्मा नवी खीळ तासायला बसला. हे छत्री उघडून धोंड्यावर. मी पाणी मागायला जवळच्या झोपडीत गेले. अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली, त्यांचा गोड उग्र वास सगळीकडे. भागी नावाची एक वयस्क बाई सुपात नागली पाखडत होती. तिनं पाणी दिलं आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"नवी नवरी हायेस ना बाय?"

"हो."

"मंग अशी नाय जायाचं. तुमच्यात वटी भरतात ना? थांब. भात सरला आमचा, नागली घे."

सुपातली नागली तिनं दोन्ही हातांनी माझ्या पदरात घातली. वर मूठभर मोहाची फुलं टाकली. मी तिचा हात धरून विचारलं, घरात कोण कोण आहे? ती खदखदून हसली. "हा दादला," असं म्हणून पलीकडे दोर वळत बसलेल्या म्हाताऱ्याकडे बोट केलं. "हा दुसरा. पयला तापात गेला. मंग याच्यासंगं पाट लावला."

मी चमकले. आमच्यात विधवा झालेली बाई पुन्हा लग्न करती तर गाव गोळा झालं असतं. आणि ही बाई काय ओटी भरते, काय हसते! माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि तरी तू माझी ओटी भरलीस?"

"भरली तं! दादला मेला माझा, हात थोडाच मेला?"

मी गाडीत येऊन बसले ते हेच घोळवत. खीळ बसली, धर्मानं बैल जुंपले, आणि बैल सरळ रस्ता सोडून उजवीकडच्या आडवाटेला वळले.

"धर्मा, खोडाळा सरळ ना?"

तो वळून पाहीना. "खोडाळ्याला नाय जायाचं बाय. मास्तरांनी सांगितलं हाय, सूर्यमाळच्या अंगानं परस्पर विहीगाववरून कसाऱ्याला."

मी यांच्याकडे पाहिलं. हे डोंगराकडे पाहत होते.

"हे काय?"

"अगं, सूर्यमाळ म्हणजे इथलं आल्प्स. वरून जे दृश्य दिसतं..."

"खोडाळ्याचं काय?"

"आपल्याला उशीर झालाय. त्या ओट्यांपायी."

"खोटं बोलू नका. हे आधीच ठरलेलं होतं."

मग हळूहळू बाहेर आलं. सासूबाईंनी निघताना शपथ घातली होती. नव्या नवरीनं पहिलं वर्षभर विधवेचं तोंड पाहायचं नाही. पाहिलं तर नवऱ्याच्या जिवाला धोका. आणि हे कबूल करून आले होते! जव्हारातच! मी सुपारी आणि सोलं बांधत होते तेव्हा यांना ठाऊक होतं की ती पोचायची नाहीत. इटलीचं वेळापत्रक, साहेब लोकांची घाई, ती सगळी ढाल. तिच्यामागं सासूबाईंचं देवघर लपलं होतं.

"पण काल संध्याकाळी ओट्यावर काय सांगत होतात? थोतांड म्हणालात ना?"

"मी स्वतः असलं काही मानत नाही. आईचं मन राखायला..."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. "मानत नाही आणि पाळता? त्यापेक्षा मानणारा परवडला हो! तो निदान भितो तरी खरा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! परक्यांच्या ओट्यावर विधवांचा कैवार घेता आणि माझी सख्खी बहीण आली की बैल आडवाटेला?"

"हळू बोल. गाडीवान ऐकतोय."

"ऐकू दे! डोंगरालासुद्धा ऐकू दे!"

"हा तुझ्याच कुंकवाचा प्रश्न आहे," हे म्हणाले, आणि चेहरा असा केला की जणू माझ्यावर उपकार.

मी चालत्या गाडीतून उडी टाकली. पदरातली नागली कमरेला घट्ट बांधली आणि सरळ रस्त्यानं खोडाळ्याकडे चालू लागले. ऊन मी म्हणत होतं. पायात वहाणा होत्या तरी तळवे भाजत होते. मागं हे ओरडत होते, "परत ये! लोक काय म्हणतील!" लोक कुठले? रस्त्यावर एक होला तेवढा दाणे टिपत होता. थोड्या वेळानं मागून घुंगरांचा आवाज आला. पाहते तो धर्मानं बैल फिरवले होते.

"धर्मा, कुणाच्या हुकमानं गाडी वळवलीस?" हे ओरडले.

"बाय उन्हात चालली हाय मास्तर," तो म्हणाला, आणि गाडी माझ्याशेजारी आणून उभी केली. मी चढले.

खोडाळा

खोडाळा मोठं गाव. बाजारपेठ, दुकानं, भोवती भाताची आणि नागलीची खाचरं, उन्हात भेगाळलेली. अक्काच्या सासऱ्यांचं घर पेठेतच, पुढं दुकान आणि मागं राहायचं. अंगणात खाटांवर पापड वाळत घातले होते आणि शेजारच्या तीन-चार बायका लाटायला जमल्या होत्या. हे गाडीतून उतरले नाहीत. छत्री उघडून बसून राहिले.

अक्काच्या सासूबाईंनी माझं स्वागत छानच केलं. पाय धुवायला पाणी, गुळाचा खडा, "किती वाळलीस गं" वगैरे. मी म्हटलं, "अक्का कुठाय?"

"आहे आत. कणीक तिंबतेय पापडाची. तिला बोलावत नाही हो. तुझं नवं नवं आहे."

"मी तिलाच भेटायला आलेय."

"कळतंय गं. पण वर्ष होऊ दे. मग ये, चार दिवस राहा."

तेवढ्यात आतल्या दाराआडून आवाज आला. "छबे, आलीस? मी पाहिलं तुला फटीतून. छान दिसतेस. आता जा."

दोन वर्षांनी ऐकलेला तो आवाज! मी धावत दाराशी गेले तर आतून कडी. अक्कानंच लावली होती. फटीतून एक डोळा आणि पिठानं माखलेली बोटं तेवढी दिसली.

"अक्का, दार उघड."

"नाही उघडणार. तुझं काही बरंवाईट झालं तर सगळे माझ्याकडे बोट दाखवतील. मीसुद्धा दाखवीन. जा माझी बाय."

मला तिचाही राग आला. खरं सांगते, सगळ्यात जास्त तिचाच आला. बाकीच्यांनी तिला कोंडलं ते कोंडलं, पण कडी आतून? हे तिच्या डोक्यात कुणी इतकं खोल घातलं?

अक्काच्या सासूबाई तबक घेऊन आल्या. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. "ये बाई, पाटावर बस. ओटी भरते आणि सुखानं जा." मी पाटावर गेले नाही. कमरेची नागली सोडून गाडीत ठेवून आले, परत आले आणि रिकामा पदर पसरून उभी राहिले.

"माझी ओटी अक्का भरेल."

बायकांची लाटणी थांबली.

"वेड लागलंय का तुला? सवाष्णीची ओटी विधवेनं भरायची? माझ्या घरात?"

"मग मी रिकाम्या ओटीनं जाते. नवी नवरी तुमच्या दारातून रिकामी गेली, असं पेठेत सगळ्यांना कळू दे."

आता या बाईंची पंचाईत झाली. एक अपशकुन माझ्या घरावर, दुसरा त्यांच्या. कुठला पत्करायचा? मी तोवर उंबऱ्यावर बसून घेतलं.

"अगं, उंबऱ्यावर नको बसू! ऊठ! दिवेलागण होईल, लक्ष्मी यायची वेळ!"

"मग लवकर काय ते ठरवा."

बसले. चांगली बसले. दुकानात गिऱ्हाइकं येत होती ती माझ्याकडे पाहून थबकत होती. सासरे एकदा डोकावले आणि परत तराजूशी गेले. सासूबाई बडबडत होत्या, माझ्या आईनं काय वळण लावलं, चौलच्या मुली अशाच, नवरा कसा सोसतो. मी सगळं ऐकून घेतलं. पाय बधिर झाले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी पुसलं नाही, म्हटलं, दिसू दे सगळ्यांना. अंगणातलं ऊन कलत कलत पापडांच्या खाटांवरून भिंतीवर चढलं.

आणि कडी वाजली.

अक्का बाहेर आली. लाल आलवण डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेलं. माझी अक्का, जिची वेणी गुडघ्यापर्यंत यायची! चेहरा एवढासा झालेला, हात मात्र तेच, रुंद आणि कामाचे. "ऊठ गं," ती म्हणाली. "उंबऱ्यावर बसतात का? हेच शिकवलं होतं का तुला?" तिनं पदराला हात पुसले आणि सासूच्या हातातलं तबक धरलं. सासूबाई सोडेनात. दोघी तबक धरून उभ्या. शेवटी पापड लाटणाऱ्यांतली एक म्हातारी म्हणाली, "सोडा हो आता. पोर सकाळपासून उपाशी असेल." सासूबाईंनी तबक सोडलं आणि तोंड फिरवून आत गेल्या.

अक्कानं माझी ओटी भरली. कुंकवाच्या करंड्याला ती हात लावीना. मी तिचं बोट धरून कुंकवात बुडवलं आणि माझ्या कपाळाला लावून घेतलं. तिनं इतक्या घाईनं ओंजळ रिकामी केली की अर्धे तांदूळ जमिनीवर सांडले.

मग मी तिला नमस्कार करायला वाकले. नव्या जोडप्यानं नमस्कार जोडीनं करायचा असतो. मी वाकले आणि तशीच राहिले. उठलेच नाही. बाहेर गाडीत छत्री दिसत होती. अंगणातल्या सगळ्या बायका आता त्या छत्रीकडे पाहत होत्या.

"राहू दे गं," अक्का हळूच म्हणाली. "त्यांना उशीर होत असेल."

ते यांना ऐकू गेलं असावं. छत्री मिटली. हे खाली उतरले, वहाणा काढल्या, आधी पेठेत इकडेतिकडे कोण पाहतंय ते पाहिलं आणि मग येऊन माझ्याशेजारी वाकले. तुम्हाला वाटेल, तेवढ्यानं माझा राग गेला. मुळीच नाही. वाकण्याआधी इकडेतिकडे पाहिलं ना! ते मी अजून विसरलेले नाही आणि इतक्यात विसरणारही नाही.

पण खरी अडचण पुढंच होती. थोरल्या बाईनं नव्या नवरीला आशीर्वाद द्यायचा तो 'अखंड सौभाग्यवती भव' असाच. अक्कानं 'अखंड' एवढंच म्हटलं आणि पुढचा शब्द सोडून दिला. आम्ही दोघं तिच्या पायांशी वाकलेले. मला वाटलं, आता ही पुन्हा आत पळणार आणि कडी लावणार.

"दिवाळसणाला चौलला जाल ना?" ती म्हणाली. आवाज आधी बारीक होता, मग मोठा झाला, आतल्या खोलीत जाईल इतका. "मला न्यायला या. मला आईला भेटायचंय. मागल्या दारानं नाही जायची मी. तुमच्या गाडीत बसून, पेठेतून जाईन."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो अक्का. येतो."

येतो म्हणजे येणारच. धर्माला मी आजच निरोप धाडला आहे की दिवाळीला गाडी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. हे बरोबर येणार की नाही ते यांचं यांनी ठरवावं. माझ्या सासूबाईंना मी अजून काही बोललेले नाही, पण कुणीतरी त्यांना हे वाचून दाखवेलच.